काळोख आणि काळा तळ: मासे रात्री फिके का पडतात

काचेच्या टाकीवरचा दिवा रात्री मालवला आणि दोन-तीन तासांनी अचानक पुन्हा लावला, तर दिवसा झळझळीत दिसणारे मासे ओळखू येणार नाहीत इतके फिके दिसतात. नियॉन टेट्राच्या अंगावरचा निळा-हिरवा पट्टा मंदावलेला असतो, गप्पीच्या नराचे काळे ठिपके पुसट झालेले असतात, झेब्रा माशाच्या पट्ट्यांचा गडदपणा उतरलेला असतो आणि बहुतेक मासे एखाद्या कोपऱ्यात किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला जवळजवळ निश्चल असतात. नव्याने मासे पाळणाऱ्या घरांत हे पाहून काळजी वाटू लागते, घाईघाईने पाणी बदलले जाते, दुकानातून औषधाची बाटली आणली जाते. तोवर पाऊण-एक तास उलटतो आणि रंग परत येतो. औषधाचा त्यात काहीच वाटा नसतो, कारण मासा आजारी पडलेलाच नसतो.

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीसारख्या गावी हा प्रश्न टाकीपुरता उरत नाही. गावाच्या पश्चिमेकडून वैनगंगा वाहते, तालुक्यातून खोब्रागडीसारख्या उपनद्या वाहतात, आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले 'मामा तलाव', पसरलेले आहेत. गोंड राजवटीच्या आश्रयाने मुख्यतः कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेले, तरी त्यांतील मासेमारीचे पारंपरिक ज्ञान ढिवर समाजाकडेच राहिले. तलाव, बोड्या आणि पावसाळ्यात त्यांना जोडल्या जाणाऱ्या धानाच्या बांध्या यांत रोहू, मरळ, शिंगी, मागूर, वाम यांच्याबरोबर बोटभर लांबीचे असंख्य लहान मासेही राहतात. त्यांतील टिक्टो बार्बसारख्या काही जाती जगभरच्या हौशी लोकांच्या टाक्यांतही पाळल्या जातात. टाकीतल्या माशाचा रंग रात्री ज्या यंत्रणेने उतरतो, तीच यंत्रणा कमीअधिक फरकाने या सर्व माशांच्या कातडीत काम करत असते. फरक इतकाच, की तलावातल्या माशावर मध्यरात्री कोणी दिवा लावून पाहत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात मात्र एक असा मासा आहे, जो टाकीतलाही आहे आणि गावच्या पाण्यातलाही. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत या जंगल-जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिलेला असल्यामुळे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाकडून साचलेल्या पाण्यांत गप्पी मासे सोडले जातात, आणि त्यांच्या पैदासीसाठी आरोग्य केंद्रांच्या आवारात खास टाकी बांधण्याची पद्धतही महाराष्ट्रात सर्वत्र आहे. रॉबर्ट लेचमियर गप्पी यांनी १८६६ मध्ये त्रिनिदाद बेटावरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला या माशाचे नमुने पाठवले, त्यावरून त्याला हे नाव पडले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या ओढ्यांचा हा रहिवासी भारतात परका आहे, आणि मोकळ्या तलावात त्याला सोडल्यास स्थानिक लहान माशांच्या अन्नावर व अंड्यांवर तो हक्क सांगू लागतो, म्हणून त्याची जागा बंदिस्त टाकीत आणि हौदातच असणे योग्य. रंगबदल समजून घेण्यासाठी मात्र तो फार सोयीचा आहे: नर ठसठशीत रंगीत, मादी साधी करडी, आणि रात्री दोघांच्याही अंगावरचा काळा रंग उतरलेला.

'रंग जातो' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात रंगाचा एक कणही कुठे गेलेला नसतो. माशाच्या कातडीत, खवल्यांच्या वर आणि खाली, रंगद्रव्य बाळगणाऱ्या खास पेशी असतात. त्यांना रंजकपेशी म्हणता येईल. काळसर-तपकिरी मेलॅनिन धरणाऱ्या पेशींना मेलॅनोफोर, पिवळे द्रव्य धरणाऱ्यांना झँथोफोर आणि लाल द्रव्य धरणाऱ्यांना एरिथ्रोफोर अशी नावे आहेत. पिवळ्या-लाल रंगांचा मोठा भाग कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा असतो आणि ही द्रव्ये माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, ती शेवाळ, कीटक व लहान कवचधारी जीव यांच्यामार्फत अन्नातून यावी लागतात. निळा आणि रुपेरी रंग बहुतेक माशांत कोणत्याही रंगद्रव्यामुळे दिसत नाही. तो प्रकाशाच्या परावर्तनातून निर्माण होतो आणि त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

मेलॅनोफोर ही पेशी चपटी असते आणि तिला चहूबाजूंनी लांब फांद्या फुटलेल्या असतात. तिच्यातील मेलॅनिन पेशीभर विरघळलेले नसून ते मेलॅनोसोम नावाच्या, साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढ्या कणांत भरलेले असते. हे कण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले, की पेशीखालचा पांढुरका भाग झाकला जातो आणि कातडी गडद दिसते. तेच कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले, की काळा ठिपका सुईच्या टोकाएवढा उरतो, त्याच्या भोवतीची पेशी पारदर्शक होते आणि कातडी फिकी दिसते. पेशीचा आकार यात बदलत नाही, फांद्या जागच्या जागीच असतात, फक्त कण आत-बाहेर करतात. पेशीच्या मध्यापासून फांद्यांकडे सूक्ष्मनलिकांचे मार्ग गेलेले असतात. त्यांवरून डायनीन नावाचे प्रथिन कणांना आत ओढते आणि कायनेसीन नावाचे प्रथिन बाहेर नेते. या हालचालीचा वेग सेकंदाला एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असतो आणि पेशीची फांदी काही दशक मायक्रॉनच लांब असते, त्यामुळे मिनिटभरात एका पेशीचे रूप पालटू शकते. सबंध माशाला अधिक वेळ लागतो, कारण लाखो पेशींना एकच आज्ञा पोहोचावी लागते.

ही हालचाल पाहण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. माशाच्या पाठीवरचा एक खवला अलगद काढून योग्य तीव्रतेच्या क्षारद्रावणात काचपट्टीवर ठेवला, तर महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यावर चिकटलेल्या कातडीतील फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी स्पष्ट दिसतात. द्रावणात अॅड्रिनलिनचा एक थेंब सोडला, की फांद्यांची टोके आधी विरळ होतात, मग करडी होतात, काळेपणा हळूहळू मध्याकडे सरकत जातो आणि काही मिनिटांत विस्तारलेल्या जाळीच्या जागी सुटे सुटे काळे बिंदू उरतात. द्रावण धुऊन काढले, की कण पुन्हा बाहेरच्या वाटेला लागतात. मासा रात्री फिका पडतो म्हणजे काय होते, याचे याहून थेट दर्शन दुसरे नाही, आणि प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा तरी पाहावे असे आहे.

पेशीला आज्ञा देणारे तीन मार्ग आहेत. पहिला मज्जातंतूंचा: हाडांच्या माशांत प्रत्येक रंजकपेशीजवळ स्वायत्त मज्जासंस्थेचे धागे पोहोचलेले असतात आणि त्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रिनलिन सुटले, की पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण घटते, डायनीनचे पारडे जड होते व कण आत गोळा होतात. दुसरा मार्ग रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांचा: मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे एमएसएच हे संप्रेरक सायक्लिक एएमपी वाढवून कण पसरवते आणि कातडी गडद करते, तर एमसीएच हे संप्रेरक नेमके उलट काम करून ती फिकी करते. एमसीएच सर्वप्रथम १९८३ मध्ये सामन माशाच्या पीयूषिकेतून वेगळे करण्यात आले आणि नंतर ते माणसाच्या मेंदूतही आढळले. तिसरा मार्ग सर्वांत अनपेक्षित आहे: काही रंजकपेशी कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता स्वतःच प्रकाश ओळखतात. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणारी ऑप्सिन नावाची प्रथिने असतात; त्याच गटातील प्रथिने तिलापियाच्या कातडीतील लाल पेशींत सापडली आहेत. हा तिलापिया महाराष्ट्रातील धरणांत व तलावांत आज सर्रास आढळतो, म्हणजे कातडीने प्रकाश जाणणारा मासा येथील बाजारात रोज विकला जातो.

नियॉन टेट्राची गोष्ट या तिसऱ्या मार्गाशी जोडलेली आहे. अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील हा बोटाच्या पेराएवढा मासा १९३६ मध्ये शास्त्रीय नावाने ओळखला जाऊ लागला आणि पाहता पाहता जगभरातील टाक्यांत पोहोचला. त्याच्या अंगावरचा निळा-हिरवा पट्टा इरिडोफोर म्हणजे परावर्तक पेशींचा असतो. या पेशींत ग्वानिन या द्रव्याच्या अतिशय पातळ, पारदर्शक चकत्यांच्या चळती असतात. दोन चकत्यांमधील अंतर जेवढे, त्यानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश बळकट होऊन परततो. जे. एन. लिथगो आणि ज्युलिया शँड यांनी १९८२-८३च्या सुमारास दाखवून दिले, की दिवसा निळा-हिरवा असणारा हा पट्टा रात्री जांभळ्या छटेकडे झुकतो व मंदावतो, आणि माशाच्या शरीरापासून वेगळी केलेली कातडीदेखील प्रकाश पडताच आपला रंग बदलते. म्हणजे येथे मेंदूची मध्यस्थी लागत नाही. चकत्यांमधील अंतर कमी-जास्त होते हे खरे, पण ते कसे, याचे समाधानकारक उत्तर जपानी संशोधकांनी २०११ मध्ये मोजमापांसह मांडले: खिडकीच्या आडव्या पट्ट्यांचा पडदा दोरी ओढताच जसा कलतो, तशा या चकत्या एकत्रितपणे कलतात आणि कलल्यामुळे त्यांच्यातील लंबांतर बदलते. काळ्या पाण्याच्या, सावलीच्या ओढ्यांत राहणाऱ्या या माशाचा पट्टा दिवसा थव्यातील सोबत्यांना एकमेकांची जागा दाखवतो, आणि रात्री तो तसाच उजळ राहिला असता तर चांदण्याच्या कवडशातही शिकाऱ्याच्या नजरेत भरला असता.

आता मुख्य कोड्याकडे वळता येईल. मासा परिसरानुसार रंग बदलतो ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: काळ्या रेतीच्या टाकीत तो गडद होतो, पांढऱ्या वाळूच्या टाकीत फिका. बाजारात जिवंत विकली जाणारी मरळ किंवा शिंगी गाळाच्या तलावातून आणून पांढऱ्या टबात ठेवली, तर तिचा काळेपणा काही वेळाने उतरू लागतो. पावसाळ्यात वैनगंगेचे पाणी गढूळ झाल्यावर मिळणारे मासे स्वच्छ, शेवाळलेल्या तलावातील त्याच जातीच्या माशांपेक्षा फिके दिसतात, कारण गाळाचे कण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि माशाच्या खालची बाजूही उजळ होते. मग रात्री, जेव्हा सगळीकडेच काळे असते, तेव्हा मासा सर्वांत गडद व्हायला हवा. घडते ते उलट. अनेकांना हा विरोधाभास वाटतो, आणि त्याचे उत्तर एवढेच आहे, की माशाच्या दृष्टीने काळोख आणि काळा तळ या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

काळा तळ ओळखायला उजेड लागतो. माशाच्या डोळ्याच्या पडद्याचा खालचा भाग वरून येणारा प्रकाश टिपतो आणि वरचा भाग तळावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश टिपतो; मेंदू या दोहोंचे गुणोत्तर काढतो. वरून भरपूर आणि खालून थोडा प्रकाश येत असेल, तर तळ काळा आहे असा निष्कर्ष निघतो, एमएसएच वाढते, मज्जातंतूंचा ताण सैलावतो आणि कातडी गडद होते. खालूनही भरपूर प्रकाश आला, तर तळ पांढरा ठरतो आणि कण आत ओढले जातात. हा हिशेब प्रकाशाच्या एकूण प्रमाणाचा नसून दोन दिशांच्या तुलनेचा आहे, म्हणूनच ढगाळ दिवशी आणि कडक उन्हात एकाच तळावर मासा साधारण सारखाच रंग धरतो. डोळे निकामी झालेला मासा उजेडात बहुधा काळपट दिसतो, याचेही कारण यातच आहे: खालून येणारा प्रकाश त्याला कधीच दिसत नाही, म्हणून त्याचे शरीर कायम काळ्या तळावर असल्यासारखे वागते. पूर्ण काळोखात मात्र तुलनेला दोन राशीच उरत नाहीत, डोळ्याचा हिशेब थांबतो, आणि कारभार दुसऱ्याच एका इंद्रियाकडे जातो.

त्या इंद्रियाचा माग कार्ल फॉन फ्रिश यांनी लावला. मधमाश्यांच्या नृत्याच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाची सुरुवात माशांच्या रंगापासून झाली होती. १९११ मध्ये, वयाच्या पंचविशीत, मिनो या युरोपातील लहानशा गोड्या पाण्यातील माशावर प्रयोग करताना त्यांना असे आढळले, की दृष्टी गमावलेल्या माशाच्या कपाळावर प्रकाशाचा झोत टाकला तर तो गडद होतो आणि तेवढाच भाग सावलीत धरला तर फिका पडतो. कवटीच्या त्या भागाखाली पीनियल ग्रंथी असते. ग्रंथी काढून टाकल्यावरही प्रतिसाद पूर्णपणे नाहीसा होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले आणि मेंदूच्या खोल भागालाही प्रकाश कळतो असा तर्क त्यांनी केला; पुढच्या संशोधनाने तो खरा ठरवला. रंजकपेशींकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा मार्गही त्यांनीच शोधला: मेंदूच्या मागच्या भागातून निघालेले हे तंतू पाठीच्या कण्यातून काही अंतर जाऊन मग बाहेर पडतात, आणि ते मध्येच तुटले तर त्या तंतूंनी सांभाळलेला कातडीचा भाग काळा पडतो. कण आत ओढून धरणे हे मज्जातंतूंचे सततचे काम आहे, याचा हा पुरावा होता. डोळे, कपाळ आणि पाठीचा कणा या तिन्हींचा कातडीच्या रंगाशी असलेला संबंध एवढ्या साध्या साधनांनी उलगडणे ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जीवशास्त्राची फार मोठी कामगिरी मानली पाहिजे.

पीनियल ग्रंथी आज्ञा देते कशी, हे कळायला आणखी जवळपास अर्धे शतक गेले. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि अॅलन या दोन अमेरिकी संशोधकांनी गुरांच्या पीनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला असता ती पिल्ले अर्ध्या तासाच्या आत इतकी फिकी झाली, की त्यांची आतडी बाहेरून दिसू लागली. ही नोंद बरीच वर्षे तशीच पडून राहिली. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर माणसाच्या कातडीवरील कोडाचे कारण शोधत होते. कातडी फिकी करणारे द्रव्य हाती लागले तर त्यावर प्रकाश पडेल या आशेने त्यांनी गुरांच्या हजारो पीनियल ग्रंथी गोळा करून त्यांतून १९५८ मध्ये मेलॅटोनिन वेगळे केले. कोडाचे कोडे त्यातून सुटले नाही, परंतु आज झोपेच्या संदर्भात ज्याचे नाव सर्वत्र ऐकू येते ते संप्रेरक असे बेडकाच्या कातडीच्या वाटेने विज्ञानात आले.

माशाची पीनियल ग्रंथी माणसाच्या ग्रंथीपेक्षा वेगळी आहे. माणसात ती मेंदूच्या मधोमध असते आणि दिवस-रात्रीची बातमी तिला डोळ्यांकडून मिळते. माशात ती कवटीच्या लगत असते, तिच्या वरचे हाड व कातडी अनेक जातींत पातळ आणि अर्धपारदर्शक असते, आणि तिच्यातील पेशी प्रकाश स्वतः टिपतात. उजेड असेपर्यंत मेलॅटोनिनची निर्मिती दबलेली राहते, अंधार पडताच ती वाढते, आणि रक्तातून कातडीपर्यंत पोहोचलेले मेलॅटोनिन संवेदनशील जातींत मेलॅनोफोरमधील कण आत गोळा करते. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पारदर्शक पिल्लांत हा परिणाम सर्वांत ठळक असतो. प्रौढ माशांत जातीनुसार फरक पडतो: काहींच्या कातडीवर मेलॅटोनिनचा थेट परिणाम जोरकस असतो, काहींत मज्जातंतूंचा वाटा मोठा असतो, तर काहींत नियॉन टेट्राप्रमाणे पेशी स्वतःच निर्णय घेते. 'रात्री मासे फिके पडतात' या एका वाक्याखाली प्रत्यक्षात अशा दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

शिवाय सर्वच मासे सरसकट फिके पडत नाहीत. दक्षिण अमेरिकेतील पेन्सिल मासा दिवसा अंगावर लांब आडवे पट्टे बाळगतो आणि रात्री ते पुसट होऊन त्यांच्या जागी मोठे काळे डाग उमटतात, बी. एल. रीड यांनी १९६८ मध्ये या रात्रीच्या रूपामागे मेलॅटोनिन असल्याचे सुचवले. एकाच कातडीत, एकाच संप्रेरकाने, काही पेशींतील कण आत ओढले जातात आणि शेजारच्या पेशींतील कण बाहेर पसरतात. संप्रेरक ही फक्त सूचना असते, तिचा अर्थ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहक रेणूंनुसार लावते, हे या माशाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. प्रवाळबेटांवरील काही समुद्री मासे रात्री तांबूस होतात. तांबडा प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जात असल्यामुळे खोलवर हा रंग काळपटच भासतो. शिंगी आणि मागूर हे रात्रीच फिरणारे मासे असल्यामुळे त्यांची रात्र विश्रांतीची नसते, कामाची असते.

रात्री फिके होण्याचा माशाला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर देताना अंदाज आणि पुरावा यांत अंतर ठेवले पाहिजे. परिसराशी जुळणारा रंग जीव वाचवतो, याचा पुरावा एफ. बी. समनर यांनी १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात दिला. डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे, जे भारतातही त्याच कामासाठी आणले गेले, त्यांतले काही समनर यांनी काळ्या आणि काही पांढऱ्या टाक्यांत काही काळ ठेवले आणि मग दोन्ही प्रकारचे मासे एकत्र करून पेंग्विन व बगळ्यांपुढे सोडले; टाकीच्या रंगाशी न जुळणारे मासे अधिक प्रमाणात खाल्ले गेले. हा पुरावा दिवसाचा आहे. रात्रीबद्दल तर्क असा, की चांदण्यात किंवा ताऱ्यांच्या उजेडात उघड्या पाण्यात थांबलेला काळाभोर मासा खालून पाहणाऱ्याला अधिक ठळक दिसेल, तर अर्धपारदर्शक, फिका मासा पाण्यात मिसळून जाईल. गप्पीच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत दाखवले, की मोठे शिकारी मासे जेथे जास्त, तेथील गप्पी नरांचे ठिपके पिढ्यानुपिढ्या लहान व कमी होत जातात, आणि नर आपले रंग मादीपुढे मिरवतात ते मुख्यतः पहाटेच्या व संध्याकाळच्या मंद उजेडात, जेव्हा जवळच्या मादीला ते दिसतात पण दुरून टेहळणी करणाऱ्या शिकाऱ्याला नीट दिसत नाहीत. रंग हा जोखमीचा व्यवहार आहे. ज्या वेळी पाहणारी मादी नाही, त्या वेळी ती जोखीम घेण्याचे माशाला कारण उरत नाही.

रंग उतरणे आणि झोप यांचा संबंध केवळ वेळेचा नाही, असे अलीकडे दिसू लागले आहे. बहुतेक माशांना पापण्या नसतात, त्यामुळे ते झोपतात की नाही हा प्रश्न बराच काळ रेंगाळला. झेब्रा मासा, ज्याचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात केले आणि जो आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जातो, त्याच्यावरील संशोधनाने झोपेचा पुरावा दिला: झोपलेला मासा डोळे उघडे ठेवूनही मंद प्रतिसाद देतो आणि झोप मोडल्यास नंतर ती भरून काढतो. २०१९ मध्ये या माशाच्या पारदर्शक पिल्लांच्या मेंदूतील हालचाल टिपली गेली, तेव्हा झोपेच्या दोन वेगळ्या अवस्था सापडल्या आणि त्यांतील एका अवस्थेच्या नियंत्रणात एमसीएचचा हात असल्याचे दिसले. कातडीतील काळे कण आत ओढणारे हेच ते संप्रेरक. सस्तन प्राण्यांत कातडीचे काम त्याच्याकडे उरलेले नाही, झोपेचे व भुकेचे मात्र आहे.

टाकी बाळगणाऱ्यांच्या दृष्टीने यातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. पौर्णिमेच्या रात्रीचा उजेड एका लक्सच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो, तर दिवाणखान्यातील दिव्याचा उजेड शेकडो लक्सपर्यंत जाऊ शकतो. पर्च या युरोपीय माशावर बर्लिनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रात्रभर एका लक्सचा उजेड ठेवला तरी मेलॅटोनिनची निर्मिती दबली जाते असे आढळले. शोभेसाठी चोवीस तास दिवा चालू ठेवलेल्या टाकीतील माशाला म्हणून रात्र मिळतच नाही, आणि ही क्रूरता अजाणता घडत असली तरी ती थांबवणे एका बटणाचे काम आहे. आठ ते दहा तास उजेड आणि त्यानंतर पूर्ण अंधार, शक्य असल्यास टायमरवर, ही पद्धत बहुतेक जातींना मानवते. सकाळी टाकीवरचा दिवा लावण्याआधी खिडकी उघडून किंवा खोलीतील दिवा लावून अर्धा तास जाऊ दिला, तर मासे दचकून काचेवर आदळत नाहीत. तळाशी पांढरी वाळू किंवा निळे-पांढरे खडे पसरणाऱ्यांना मासे कायम फिके वाटतात; गडद रेती पसरली आणि मागच्या काचेला काळा कागद लावला, की तेच मासे भर दिवसा खुलतात, कारण डोळ्याच्या त्या जुन्या हिशेबात तळाची राशी बदललेली असते. हाच तळ आठवड्यांमागून आठवडे कायम राहिला, तर कणांची जागाच नव्हे, रंजकपेशींची संख्याही बदलते, आणि असा रंग रात्रीत उतरत किंवा चढत नाही.

आजाराचा फिकेपणा रात्रीच्या फिकेपणापासून ओळखता येतो. दिवा लावून तास-दीड तास झाल्यावरही रंग न परतणे, पर अंगाशी मिटून ठेवणे, अन्नाकडे पाठ फिरवणे, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे किंवा कल्ल्यांची हालचाल नेहमीपेक्षा भरभर होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर पाण्यातील अमोनिया वाढला आहे किंवा प्राणवायू घटला आहे असे समजून आधी पाणी तपासावे. उन्हाळ्यात विदर्भातील घरांमध्ये तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि अशा दिवसांत वीज गेल्यावर हवेचा पंप बंद पडला, की अपरात्री फिका दिसणारा मासा खरोखर गुदमरत असू शकतो; तेव्हा रंगाच्या आधी त्याच्या कल्ल्यांकडे पाहावे.